कुशल

परदेशीं मुलाकडे राहावयास गेलेल्या वडीलधाऱ्या मनुष्याचा पहिला आठवडा पाहुणचारांत जातो, दुसरा नवलाईंत जातो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून एक प्रश्न त्याच्यापुढें येऊन बसतो. तो प्रश्न असा कीं, ‘ह्या घरांत माझें काम काय ?’ बायकांना हा प्रश्न फारसा छळीत नाहीं. स्वयंपाकघर कोणत्याही खंडांत असलें तरी तें त्यांना ओळखतें. ओहायो राज्यांतील आमच्या मुलाच्या घरीं आम्ही उभयतां गेलों, तेव्हां चौथ्याच दिवशीं आमच्या कुटुंबानें मेतकूट करून डब्यांत भरलें, आणि आठवड्याच्या आंत सूनबाई तिला विचारल्यावांचून कणीकही भिजवीनाशी झाली. मी मात्र खिडकीशीं बसून राहीं. मोबाइलवर आपल्याकडचीं वर्तमानपत्रें वाचून सकाळीं नऊच्या आंत संपत. मुलगा व सून आपापल्या कामावर आणि नातू शाळेंत जाई. ज्यानें छत्तीस वर्षें घंटेच्या ठोक्यावर उठावें आणि घंटेच्या ठोक्यावर बसावें, त्याला घंटाच नसलेला दिवस फार लांब वाटतो.

अशा स्थितींत माझें लक्ष खिडकीबाहेरच्या गवताकडे गेलें.

मुलाच्या घराभोंवतीं एक एकराच्या आसपास जागा आहे, आणि तिच्यावर गवताखेरीज जवळजवळ कांहीं नाहीं. गुरें नाहींत, परसांत आळूं नाहीं, शेवगा नाहीं. गवत वाढवावयाचें, कापावयाचें आणि पुन्हां वाढवावयाचें, असा हा उद्योग आहे. आरंभीं मला त्याचें हंसूं आलें. पुढें वाचनांत आलें कीं, २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत उपग्रहांच्या चित्रांच्या आधारें अमेरिकेंतील हिरवळींचें क्षेत्र सुमारें १,६४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कांहींसें अधिक, असल्याचा अंदाज केलेला आहे. तेव्हां हंसूं आवरलें. पुष्कळ गांवांतून तर गवत आठ-दहा इंचांच्या वर वाढूं दिलें कीं नगरपालिकेची नोटीस येते. तिकडच्या थंड राज्यांत जें गवत लावतात त्यांत ‘केंटकी ब्लूग्रास’ हें मुख्य. नांव केंटकीचें असलें तरी मूळ तें अटलांटिक महासागरापलीकडून आलेलें आहे. आणि आपली दूर्वा ? तिला तिकडे ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात. दक्षिणेकडील उष्ण राज्यांत तिची हिरवळ मुद्दाम लावतात, आणि उत्तरेकडे तीच कोठें उगवली तर तण म्हणून उपटून टाकतात. गणपतीच्या मस्तकावर चढणाऱ्या वनस्पतीची ही अवस्था ऐकून मला थोडें वाईट वाटलें. पण परक्या देशांत मान हा मुलुखाप्रमाणें बदलतो, हें मी स्वतःवरूनही शिकत होतों.

मीं मुलाजवळ गोष्ट काढली. “हें गवत कापण्याचें काम मजकडे दे.”

तो जरा घुटमळला. “अण्णा, तें यंत्र तुम्हांला वाटतं तितकं साधं नाहीं.”

“मीं तुला सायकल शिकविली आहे,” मी म्हणालों. ह्यावर त्याचा इलाज चालला नाहीं.

गवत कापण्याच्या यंत्राचा जन्म इंग्लंडांतील स्ट्राउड गांवचा. लोकरी कापडावरील लव सारखी कापून काढणारें गिरणींतलें यंत्र पाहून एडविन बडिंग नांवाच्या माणसास सुचलें कीं जमिनीवरची लवही अशीच कापतां येईल, आणि १८३० सालीं त्यानें त्या कल्पनेचें पेटंट घेतलें. बडिंगचें यंत्र ढकलावयाचें होतें. मुलाकडचें यंत्र बसून चालवावयाचें आहे. दिसावयास तें लहानशा ट्रॅक्टरासारखें. त्याच्या पोटाखालीं पालथ्या परातीसारखें एक पोलादी झांकण असतें, त्यास डेक म्हणतात. त्या परातीखालीं दोन पातीं जमिनीला समांतर, भोंवऱ्यासारखीं फिरतात. कापलेलें गवत उजव्या बाजूच्या तोंडांतून बाहेर फेंकलें जातें, आणि तें माणसाच्या अंगावर उडूं नये म्हणून त्या तोंडावर प्लॅस्टिकची झडप असते.

मुलानें दोन रविवार मला धडे दिले. पिवळें बटण वर ओढलें कीं पातीं फिरूं लागतात, खालीं दाबलें कीं थांबतात. पातीं फिरत असतां चालविणारा बैठकीवरून उठला तर इंजिन आपोआप बंद पडतें. कारण बैठकीखालीं एक कळ आहे, ती वजन ओळखते. ही योजना मला फार आवडली. यंत्रालाही शिस्त असावी ती अशी, असें मीं मनांत म्हटलें. त्या शिस्तीवर आपण किती विसंबावें, हें मात्र मीं विचारलें नाहीं.

आणखी एक दांडा होता. त्याच्या एका टोकाशीं सशाचें चित्र आणि दुसऱ्या टोकाशीं कांसवाचें. हें पाहून माझ्यांतला शिक्षक जागा झाला. ससा आणि कांसव ह्यांची गोष्ट मीं किती वर्गांना सांगितली असेल, आणि प्रत्येक वर्गानें तात्पर्य एकमुखानें म्हटलें असेल ! दांडा कांसवाकडे ठेवावा ह्याविषयीं माझ्या मनांत तिळमात्र शंका नव्हती. मुलगा म्हणाला, “अण्णा, तो दांडा चालीचा नाहीं, इंजिनाचा आहे. कापतांना इंजिन नेहमीं सशावर ठेवायचं, आणि चाल कांसवाची.” मीं मान डोलाविली. पण तो घरांत गेला कीं मी दांडा हळूच कांसवाकडे आणीं. पेट्रोल कमी जळेल, आवाज कमी होईल, शेजाऱ्यांना त्रास होणार नाहीं, असा माझा हिशेब होता. गवत कोरडें होतें तोंपर्यंत तो हिशेब चालला. दोन-तीन वेळां मीं सगळी जागा कापली, आणि संध्याकाळीं ओट्यावर उभें राहून त्या सरळ पट्ट्यांकडे पाहतांना मला वाटलें कीं आपणही ह्या घरांत कांहीं करतों.

मे महिन्याच्या अखेरीस पावसानें पांच दिवस ठाण मांडलें. तिकडच्या गवताच्या वाढीचे मुख्य दिवस तेच. पांच दिवसांत तें घोट्याच्या वर गेलें. रविवारीं घरीं सत्यनारायण योजिला होता. तीस-पस्तीस मंडळी यावयाची होती. शुक्रवारीं रात्रीं पाऊस थांबला. मुलगा म्हणाला, “उद्यां नको, ओलं आहे. रविवारीं सकाळीं ऊन पडलं तर मी वरवर कापीन. नाहीं तर राहूं दे. पूजेला आलेलीं माणसं गवत मोजायला येत नाहींत.” मीं “बरें” म्हटलें.

परंतु शनिवारीं सकाळीं ऊन पडलें. घरांतलीं सारीं कामांत होतीं. मला वाटलें कीं मुलगा उठून खालीं येण्यापूर्वीं आपण सगळें कापून ठेवावें. त्याला एक काम कमी होईल आणि पूजेच्या दिवशीं अंगण कसें स्वच्छ दिसेल. म्हाताऱ्या माणसाच्या हातून होणाऱ्या पुष्कळशा चुका अशा प्रेमाच्याच पोटीं जन्मतात, आणि त्यांत थोडा अहंकारही मिसळलेला असतो. मीं किल्ली घेतली.

पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीस मागें वळून पाहतों तों गवत उडत नाहीं. हिरव्या गोवऱ्यांसारखे लगदे मागें पडत आहेत. तिसऱ्या फेरीस पट्टाच उमटेना. कांहीं गवत कापलेलें, कांहीं नुसतें वांकलेलें. इंजिनाचा आवाज जड झाला आणि उजव्या तोंडांतून कांहींच बाहेर येईना. परात गच्च भरली होती.

असें कां झालें हें मला पुढें समजलें, तें येथेंच सांगतों. कारण ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांस तें उपयोगीं पडेल. मी त्या परातीस नुसतें झांकण समजत होतों. ती वस्तुतः एक प्रकारची वाऱ्याची पेटी आहे. पात्यांचीं मागचीं टोकें पंख्याच्या पानासारखीं वर वळविलेलीं असतात. तीं वेगानें फिरलीं कीं परातीखालीं वारा खेंचला जातो. त्या वाऱ्यानें गवत ताठ उभें राहतें, मग कापलें जातें, आणि तोच वारा कापलेलें गवत उचलून तोंडाबाहेर नेतो. म्हणजे धार कापते, पण वाहून नेतो तो वारा. आतां ताज्या गवतांत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असतें, वर पावसाचें पाणी. असलें गवत जड होतें, उडत नाहीं, आणि कापतांना निघालेल्या रसानें चिकट होऊन परातीस आंतून लेपासारखें बसतें. एक थर बसला कीं वाट अरुंद होते, वारा मंदावतो, आणि मंद वाऱ्यामुळें दुसरा थर बसतो. त्यांत मीं इंजिन कांसवावर ठेवलेलें. म्हणजे ज्या वाऱ्यानें हें सारें बाहेर जावयाचें तोच मीं मारून टाकलेला. त्यांत गवत वाढलेलें, आणि मीं परात नेहमींइतकीच खालीं ठेवून एकदम निम्मेंअधिक कापावयास घेतलेलें. एका वेळीं उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापूं नये, हा तिकडचा सर्वमान्य नियम आहे. फार वाढलें असेल तर आधीं परात उंच करून वरवर कापावें, मग दोन दिवसांनीं खालीं आणावें. ह्यांतला एकही नियम मीं पाळला नव्हता.

पण त्या वेळीं मला एवढेंच दिसत होतें कीं तोंड बुजलें आहे, आणि तें मोकळें केलें पाहिजे. मीं पिवळें बटण दाबून पातीं थांबविलीं, ब्रेक लावला आणि खालीं उतरलों. पातीं बंद असल्यामुळें इंजिन चालूच राहिलें. तें मीं बंद केलें नाहीं. पुन्हां चालू करावयास उगीच बॅटरी खर्च होते, असें मला वाटलें. उजव्या बाजूस गुडघे टेकून मीं झडप उचलली आणि हातानें गवत ओढूं लागलों. पहिली मूठ सहज निघाली. दुसऱ्या मुठीस हात आंत गेला. तिसऱ्या वेळीं मनगट आंत होतें, आणि बोटांना पात्याचा थंड कांठ लागत होता.

ह्या सुमारास माझा नातू बाहेर आला. त्याचें वय नऊ. ह्या यंत्रावर चढण्यास त्यास सक्त मनाई होती, आणि म्हणूनच त्याचा सगळा जीव त्यांत होता. आजोबा खालीं बसलेले, बैठक रिकामी, इंजिन चालू. तो चढून बसला. आजोबांना मदत करावी ह्यापलीकडे त्याच्या मनांत कांहीं नव्हतें.

त्यानें मला विचारलें, “आजोबा, हें बटण ओढूं ?”

माझ्या कानांत इंजिनाचा आवाज होता आणि मनांत त्या गवताचा संताप. मी म्हणालों, “हूं.”

ज्यांनीं मुलांना शिकविलें आहे, किंवा ज्यांच्या घरांत पांच-सहा मुलें एकाच वेळीं प्रश्न विचारतात, त्यांना हा ‘हूं’ माहीत असेल. तो उत्तर नसतो. त्याचा अर्थ, ‘तूं बोललास एवढें मला कळलें, काय बोललास तें मीं ऐकलेलें नाहीं.’ हा ‘हूं’ मीं आयुष्यांत हजारों वेळां म्हटला असेन. मोठीं माणसें तो ओळखतात. पण मुलें त्याला होकार समजतात.

तेवढ्यांत ओट्यावरून आरोळी आली. मुलानें नातवाचें नांव घेऊन मारलेली ती हांक मीं पूर्वीं कधीं ऐकली नव्हती. हातांतला चहाचा कप त्यानें तेथेंच टाकला आणि तो अनवाणी त्या ओल्या गवतांतून धांवत आला. मुलगा दचकला आणि त्याचा हात बटणावरून निसटला. माझ्या मुलानें आधीं किल्ली फिरविली, मग ती काढून खिशांत घातली, आणि मग माझ्याकडे पाहिलें. माझा हात अजून आंतच होता. मीं तो बाहेर काढला. त्यावर एक ओरखडाही नव्हता. नुसता हिरवा झाला होता.

पुढचा कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. नातू रडूं लागला. “मीं विचारलं होतं,” तो म्हणाला, “मीं विचारलं होतं आजोबांना. ते हो म्हणाले.”

आणि तें अक्षरशः खरें होतें. बैठकीखालची ती कळ, जिच्यावर मी विसंबलों होतों, तिनेंही आपलें काम चोख केलें होतें. बैठकीवर कोण बसलें आहे हें तिला कळत नाहीं. तिला वजन कळतें. मुलानें आज्ञा विचारली, आजोबांनीं ती दिली, यंत्र सज्ज होतें. साऱ्या साखळींत चुकलेला असा एकटा मीच.

रात्रीं मला झोंप आली नाहीं. तिकडच्या मानकाप्रमाणें अशा पात्याच्या टोकाचा वेग मिनिटास १९,००० फुटांपर्यंत असूं शकतो. म्हणजे ताशीं सुमारें ३४७ किलोमीटर. ढकलून चालवावयाच्या यंत्रांस तर १९८२ सालापासून असा नियम लावलेला आहे कीं मूठ सोडल्यावर पातें तीन सेकंदांत थांबलेंच पाहिजे. मनुष्याचा हात त्याच्या विचारापेक्षां आधीं पुढें जातो, हें ओळखूनच हे नियम केलेले आहेत. पण माझ्या डोळ्यांपुढें माझीं बोटें नव्हतीं. साठी उलटलेल्या माणसाचीं चार बोटें गेलीं असतीं तर खडू धरण्याचेंही काम आतां उरलेलें नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें तो नऊ वर्षांचा हात होता. ‘मीं विचारलं होतं’ हें वाक्य त्या मुलाला पुढें साठ वर्षें स्वतःशीं म्हणावें लागलें असतें, आणि तें ऐकून घेऊन त्याचें समाधान करणारा मी तोंपर्यंत उरलों नसतों.

मुलानें मला एक शब्द बोलला नाहीं. दुपारपर्यंत तो खालीं मान घालून पूजेच्या तयारीचीं कामें करीत होता. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि एवढेंच म्हणाला, “अण्णा, गुऱ्हाळावर नेलंत कीं तुम्ही मला चरकापासून दहा पावलांवर उभं करायचात. हात मागें बांधायला लावायचात. आठवतं ?” मला आठवत होतें. बैल फिरत असतां चरकांत उंसाचें कांडें घालण्याचा त्याचा हट्ट होता, आणि मीं त्याच्या पाठीवर एक धपाटाही दिला होता. त्यानें मला जें ऐकवावयाचें होतें तें ह्या एका आठवणींत ऐकविलें. मग तो उठला आणि म्हणाला, “चला, तें साफ करूं. तुम्हीच करा. मी सांगतों.”

त्या दिवशीं मी जें शिकलों तें क्रमानें असें. प्रथम इंजिन बंद करावयाचें आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशांत ठेवावयाची. यंत्रांत नाहीं, खुंटीवर नाहीं, खिशांत. मग पातीं पूर्ण थांबण्याची वाट पाहावयाची. मग स्पार्क प्लगची तार काढून बाजूस करावयाची, म्हणजे इंजिन चालू होण्याची वाटच बंद. एवढें झालें तरी हात घालावयाचा नाहीं, काठी घालावयाची. कारण दोन्ही पातीं एकाच पट्ट्यानें जोडलेलीं असतात, एकाला धक्का लागला कीं दुसरें फिरतें, आणि किल्ली खिशांत असली तरी धार ती धारच. हातांत जाड मोजे घालावयाचे. लगदा निघाला कीं आंतला लेप प्लॅस्टिकच्या उलथन्यानें खरवडावयाचा. हें काम दर वेळीं कापणी झाल्यावर लगेच करावें. ओलें असतां तो लेप पिठल्याच्या खरवडीसारखा सुटतो, वाळल्यावर दगड होतो. तो तसाच राहिला तर ओल धरून पोलाद गंजतें, आणि वाळलेलें गवत इंजिनाच्या तापलेल्या भागाजवळ सांचलें तर पेटण्याचें भय असतें. पात्याची धार मधून मधून पाहावी; बोथट पातें गवत कापीत नाहीं, फाडतें, आणि फाटलेलीं टोकें दोन दिवसांत तपकिरी पडतात. आणि कापतांना इंजिन सशावर, चाल कांसवाची. ह्या वेळीं मीं ऐकलें.

मुलगा शेजारीं उभा राहून सांगत होता, मी गुडघ्यांवर बसून खरवडीत होतों, आणि नातू दहा पावलांवर हात मागें बांधून उभा होता. त्यास तसें उभें राहावयास कोणीं सांगितलें होतें हें मीं विचारलें नाहीं.

खरवडतां खरवडतां मला एक शब्द आठवला, जो मीं शाळेंत किती वेळां फोड करून सांगितला असेल. तो शब्द ‘कुशल’. कुश म्हणजे दर्भ, आणि ‘ला’ ह्या धातूचा अर्थ घेणें. जो कुश तोडून आणतो तो कुशल. कुशाच्या पातीला अशी धार असते कीं बेसावध हातास ती चिरते. तेव्हां हात न कापतां जो कुश आणतो तो सावध, तो निपुण. आणि मग निपुण ह्याच अर्थीं शब्द रूढ झाला. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त लक्षणेच्या चर्चेंत हाच शब्द उदाहरणास घेतला आहे. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाला तें पटत नाहीं, शब्द कसा बनला हें एक आणि त्याचा मुख्य अर्थ कोणता हें दुसरें, असें त्याचें म्हणणें. मी आजवर विश्वनाथाच्या पक्षाचा होतों. कुशल म्हणजे निपुण. त्यांत आतां गवत कोठें राहिलें आहे, असें मी विद्यार्थ्यांना सांगत असें. त्या शनिवारीं माझा पक्ष बदलला. गवत त्या शब्दांत अजून आहे, आणि धारही आहे.

श्रावणांतल्या अमावास्येस आमचे वडील वर्षाचे दर्भ आणावयास आम्हां भावंडांना कृष्णाकांठीं घेऊन जात. ते सांगत, “मुळाशीं धरा. पातीवरून हात ओढूं नका. आणि हात गवतांत असतां दुसऱ्याशीं बोलूं नका.” पहिल्या दोन गोष्टींचें कारण आम्हांला तेव्हांच कळलें होतें. तिसरीला आम्ही वडिलांचा धाक समजत होतों.

रविवारीं पूजा यथासांग झाली. अंगणांत अर्धें गवत कापलेलें, अर्धें वाढलेलें आणि मधून लगदे पसरलेले होते. मुलानें म्हटल्याप्रमाणें कोणीं त्याकडे पाहिलेंही नाहीं. ते लगदे आम्ही नंतर दांताळ्यानें विसकटले. तसेच राहिले असते तर त्यांच्याखालचें गवत गुदमरून पिवळें पडलें असतें. पसरलेलें कापलेलें गवत मात्र उचलून टाकूं नये. तें जिरून जमिनीला नत्र परत देतें, हिरवळीच्या वर्षाच्या गरजेपैकीं चतुर्थांशापर्यंत. पुढें ऑक्टोबरपर्यंत तें काम मजकडेच राहिलें. मुलानें तें काढून घेतलें नाहीं, ह्याबद्दल मी त्याचा ऋणी आहें. फक्त एक बदल झाला. काम संपलें कीं मी किल्ली नेऊन त्याच्या हातांत देईं, आणि तो ती न बोलतां घेई. आणि नातवानें कांहीं विचारलें कीं मी हातांतलें काम खालीं ठेवून म्हणें, “काय म्हणालास, पुन्हां सांग.”

त्याच रविवारीं रात्रीं वाईहून थोरल्या बंधूंचा फोन आला. ते दर रविवारीं करतात. आमच्या घराण्यांत पत्राचा पहिला शब्द ‘कुशल’ असे. आतां पत्रें गेलीं, पण दादांनीं शब्द सोडला नाहीं. त्यांनीं नेहमींप्रमाणें विचारलें, “सर्व कुशल ना रे ?” मुलगा समोर बसला होता. त्यानें माझ्याकडे पाहिलें. घरांतल्या बायकांना आम्हीं त्या सकाळच्या गोष्टीविषयीं कांहीं सांगितलें नव्हतें. नातवानें कां आरोळी ऐकली ह्याचें कांहींतरी कारण मुलानें देऊन टाकलें होतें. लहानपणीं हाच मुलगा आपल्या चुका आईच्या पदराआड लपवून माझ्यापासून चोरीत असे.

मीं दादांना सांगितलें, “होय, सर्व कुशल.”

तें खोटें नव्हतें. परंतु दादा वडील आहेत, आणि त्यांना पुरतें खरें सांगितलें नाहीं ही रुखरुख मला लागून राहिली आहे. हें मासिक आमच्या वाईच्या घरीं नियमानें येतें, आणि दादा तें पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तेव्हां त्यांना तें आतां कळेल. घरांतल्या बायकांनाही कळेल. रागावले तर रागावोत; मी दहा पावलांवर, हात मागें बांधून उभा आहें.